कडेवरचं कोकरू

गाय भरवतात, म्हैस फळते, शेळी लागते, मेंढी गाभ जाते. एकवीस दिवसांनी पुन्हा माज दिसला की गाय 'उलटली'. जनावरांच्या दवाखान्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात. या सगळ्या शब्दांत मला जड वाटत आला तो 'उलटली'. दारात उभा असलेला माणूस हा शब्द मान खाली घालूनच सांगतो. त्यात तीन आठवड्यांचा चारा फुकट गेलेला असतो आणि पुढच्या वेताचं दूध लांबलेलं असतं. नोकरीच्या काळातल्या माझ्या वह्यांत उपचारांच्या नोंदींच्या कडेला जे सुचेल ते टिपलेलं आहे. आज ते उतरवून काढते आहे. तारखा पुसट झाल्यात, म्हणून क्रम लावत बसत नाही.

*

विल्यम हार्वे आपल्याला शाळेपासून माहीत असतो तो रक्ताभिसरणासाठी. पण त्याचं प्राण्यांच्या उत्पत्तीवरचं मोठं पुस्तक १६५१ साली निघालं. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स शिकारीचा शौकीन होता आणि त्यानं मारलेल्या हरिणी हार्वेला चिरून पाहायला मिळत. हरणांचा मीलनाचा हंगाम शरद ऋतूतला. तो सरल्यावर कित्येक आठवडे हार्वे एकामागून एक गर्भाशयं उघडत राहिला आणि त्याला आत काहीच सापडेना. ना रेत, ना अंडं, ना गर्भ. नोव्हेंबरात कधीतरी कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे दिसले, तेवढेच.

ते धागे म्हणजेच गर्भ होता. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत सुरुवातीचा गर्भ गर्भाशयाला लगेच चिकटत नाही. मेंढीत बाराव्या दिवसाच्या आसपासपर्यंत तो बारीक गोळीएवढा असतो. मग तो ताणला जाऊ लागतो आणि तीन-चार दिवसांत दहा सेंटिमीटरहून लांब धागा होतो. हार्वेपाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, पण मेंढ्यांच्या आणि गाईंच्या प्रसूती करणाऱ्या कुणालाही त्याची अडचण कळेल. आम्ही सगळेच त्या पहिल्या दोन आठवड्यांपुढे आंधळे असतो.

*

हा धागा गप्प नसतो. पुटिका फुटून बीज बाहेर पडलं की त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन सुटू लागतं. गर्भ नसेल तर मेंढीचं गर्भाशय चौदाव्या दिवसाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन सोडून हा पीतपिंड मोडतं, आणि सतराव्या दिवशी मेंढी पुन्हा माजावर येते. गर्भ असेल तर त्या मुदतीच्या आत त्याला आईला कळवावं लागतं की मी आहे, मोडू नकोस. हा निरोप म्हणजे एक प्रथिन आहे, इंटरफेरॉन टाऊ, आणि त्याची ओळख पटली ती १९८०च्या दशकात. इंटरफेरॉन हे कुळ तोवर विषाणूंशी लढणारं म्हणून माहीत होतं. गाई-मेंढ्यांच्या कुळात तेच बाळाच्या पहिल्या हाकेसाठी वापरलं गेलं आहे.

हाक बारीक असली, उशिरा आली, की पीतपिंड मोडतो आणि गाय उलटते. निरोगी गाय वेळेवर भरवली तर बहुतेक वेळा बीज फलित होतं. वासरू हाती येण्याचं प्रमाण मात्र त्याहून पुष्कळ खाली राहतं. मधली गळती या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली. हे वाचल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते. कितीतरी जणांना मी सांगितलं होतं, "लागलीच नाही." ती लागली होती, राहिली नव्हती. गोठ्यातल्या माणसाला दोन्हींचं फळ एकच, तरी मला हा फरक सांगायला हवा होता असं वाटतं. लागत नसेल तर माजाची वेळ आणि रेतन तपासायचं. राहत नसेल तर ऊन, खुराक, गर्भाशयातला दाह यांकडे बघायचं.

*

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. हा नियम आम्ही पाठ केलेला. त्यामागचं कारण असं की गाईचं बीज माज ओसरल्यावर सुटतं, आणि शुक्रजंतूंना त्याआधी मादीच्या शरीरात काही तास काढावे लागतात. ताजा शुक्रजंतू बीजात शिरूच शकत नाही. मादीच्या मार्गात राहूनच तो त्या लायक होतो. १९५१ साली अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन या दोघांनी वेगवेगळं काम करून हे दाखवलं.

*

गोठवलेल्या रेताचा शोधही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलचा गुण सापडला तो बाटलीवरच्या चिठ्ठीच्या घोटाळ्यामुळे. साखरेचं द्रावण म्हणून जे वापरलं त्यात भलतंच निघालं, आणि कोंबड्याचे शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहिले. त्यांनी ती बाटली फेकून दिली नाही, आत काय आहे ते तपासून घेतलं. पुढे उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रातली कांडी खेडोपाडी पोचली. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला 'बाएफ' उभी केली आणि रेतन करणारा माणूस शेतकऱ्याच्या दारात गेला. संकरित गाईंबद्दल माझे काही आक्षेप आहेत, पण दारात जाण्याबद्दल एकही नाही.

*

म्हैस. मुका माज. उन्हाळ्यात तर रेड्यालाच कळतो. तिच्या बीजांडात बीजांचा साठाही गाईच्या मानानं कितीतरी लहान. जे थोडं आहे ते ती जपून खर्च करते असं मला वाटायचं. हे शास्त्र नव्हे, तिच्या शेजारी उभं राहून वाटलेलं.

*

आता फलटण. या वह्यांतली सर्वांत जास्त पानं तिथली आहेत.

आपली दख्खनी मेंढी एकच कोकरू विते. शंभर मेंढ्या व्याल्या तर जुळी दोन-चारांना. सुंदरबनातली गरोळ मेंढी मात्र खारट दलदलीत, गुडघाभर पाण्यात चरते, वजनानं जेमतेम दहा-पंधरा किलो, आणि सर्रास दोन देते, कधी तीन. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९३ साली ही मेंढी पश्चिम बंगालमधून फलटणला आणली. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न साधा होता: गरोळचं ते जुळं तेवढं उचलून दख्खनीच्या धिप्पाड अंगात ठेवता येईल का?

ते ठेवता येण्याजोगं होतं, कारण ते एकाच जनुकाचं काम निघालं. याची हकिकत ऑस्ट्रेलियातून सुरू होते. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या बुरूला या मेंढवाड्यावर सीअर्स बंधूंनी वर्षानुवर्षं जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो राखल्या होत्या. १९५८ पासून तिथल्या सरकारी शास्त्रज्ञ हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांचा अभ्यास हाती घेतला. पुढे कळलं की हे एका मोठ्या जनुकाचं काम आहे. त्याला फेक-बी म्हणू लागले. २००१ साली न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथल्या तीन गटांनी ते नेमकं शोधलं. सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदललेलं, त्यामुळे एका ग्राहक प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. एवढाच फरक. लगेच पुढच्या वर्षी गरोळ तपासली, तर तिच्यातही हुबेहूब तोच बदल.

मग जुने कागद आठवले. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. ज्या जनुकाला जगानं ऑस्ट्रेलियन नाव दिलं ते बंगालच्या दलदलीतून गेलं असावं, असं आज मानतात. तिथल्या गरीब बाईच्या दारातली ती बुटकी मेंढी. माझ्या पिढीच्या पुस्तकांत 'सुधारित' हा शब्द नेहमी परदेशी जातीपुढे असायचा. ही नोंद मी दोनदा अधोरेखित केली आहे.

*

हे जनुक बीजांडात काय करतं, ते समजल्यावर मी वही मिटून थोडा वेळ बसले.

दर माजाला बीजांडात कित्येक पुटिका वाढू लागतात. त्यातली एक पुढे निघते. ती इस्ट्रोजेन आणि इनहिबिन सोडते, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक आवरतं घेते, आणि मागे राहिलेल्या पुटिका त्याच्या अभावी सुकतात. पुढची मात्र तोवर एलएच या दुसऱ्या संप्रेरकावर जगायला शिकलेली असते. म्हणून एक बीज, एक कोकरू.

फेक-बी असलेल्या मेंढीत पुटिका लहान असतानाच पिकतात. प्रत्येकीत पेशी कमी, म्हणून प्रत्येकीचं इस्ट्रोजेनही कमी. पीयूषिकेला 'आता पुरे' असं कळण्याएवढं इस्ट्रोजेन एकीच्यानं होत नाही. दोघी-तिघी मिळून ते करतात. साऱ्या पुटिकांच्या पेशींची बेरीज केली तर ती साध्या मेंढीच्या एका मोठ्या पुटिकेएवढीच भरते. शरीरानं मोजायचं माप बदललेलंच नाही, त्या मापात मावणारी बीजं तेवढी वाढली.

*

न्यूझीलंडच्या इनव्हरडेल मेंढ्यांत दुसरं एक जनुक सापडलं, एक्स गुणसूत्रावरचं. २००० साली ओळख पटली. त्याची एक प्रत असलेली मेंढी जास्त कोकरं देते. दोन प्रती असलेलीचं बीजांड वाढतच नाही. वांझ.

*

फेक-बीच्या दोन प्रती असलेली मेंढी वांझ नसते, पण तिळी द्यायला लागते. आणि फलटणच्या माळावर तिळं म्हणजे काय ते मला धनगरांच्या फिरत्या वाड्यावरच्या एका आजींनी सांगितलं.

दिवाळी झाली की फलटण, माण, खटावचे धनगर घाट उतरून कोकणाकडे निघतात; पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, दोन दिवसांनी मेंढ्यांभोवतीची जाळी, म्हणजे वाघर, गुंडाळायची की पुढचं रान. पुरुष कळपामागं फिरतात. वाडा बायकांच्या हाती: चूल, पोरं, कोंबड्या, घोडं, आणि जन्मलेली कोकरं. मी त्यांना उत्साहानं जुळ्यांचं सांगत होते. आजी ऐकून घेत होत्या, हातानं एका कोकराला शेळीला लावत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, एक झालं तर त्ये आईमागं चालतंय. दोन झाली तर एक घोड्यावर, न्हाईतर माझ्या कडंवर. तिसरं कुठं ठिवू?"

मी गप्प राहिले. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर संस्थेच्या कामात होतं, आणि ते अशाच प्रश्नांतून घडलं होतं असं मला पुढे कळपांच्या नोंदी पाहताना जाणवलं. एकच प्रत हवी. एक प्रत असलेल्या मेंढीला साधारण निम्म्या वेतांत जुळं होतं, उरलेल्यांत एक, तिळी क्वचित. एक कोकरू विकायला, एक ठेवायला. जुळ्यातलं प्रत्येक थोडं हलकं भरतं, पण दोघांचं मिळून वजन एकट्यापेक्षा बरंच जास्त. आणि एक प्रत देण्याची युक्तीही सरळ आहे. धनगराच्या कळपात दोन प्रती असलेला मेंढा सोडायचा. त्याच्या प्रत्येक लेकीला नेमकी एक प्रत मिळते, ना जास्त ना कमी. जपायचं ते पुढच्या पिढीला: त्या लेकींवर पुन्हा तसाच मेंढा सोडला तर निम्म्या नाती दोन प्रतींच्या निघतील.

पहिल्या संकरातली जनावरं गरोळसारखी बुटकी झाली. मेंढपाळांना ती पसंत पडणार नव्हती, म्हणून पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करत अंग परत आणलं, जनुक तेवढं राखलं. जत तालुक्यातली माडग्याळ आणि पश्चिम आशियातली आवासी यांचंही रक्त त्यात आलं. त्या वाणाला नाव दिलं 'सुवर्णा'. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाचा त्यात हात होता. जनुकाची चाचणी येण्याआधी मेंढीच्या पोटात दुर्बीण घालून पीतपिंड मोजावे लागत, आणि मेंढा कसा आहे हे त्याच्या लेकी व्यायल्यावरच कळे. आता कोकराच्या रक्ताचा थेंब पुरतो.

*

किती पोरं पुरे, हा प्रश्न चंदाताईंच्या घराण्यात जुना आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांचे धाकटे सावत्र भाऊ दिनकर; दिनकरांच्या पत्नी इरावतीबाई; त्यांच्या कन्या लेखिका जाई निंबकर. जाईंचे पती बनविहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणची संस्था काढली आणि चंदाताई त्यांच्या कन्या. रघुनाथरावांनी आयुष्यभर सांगितलं की पोर किती आणि कधी हे बाईच्या तब्येतीला आणि मर्जीला धरून ठरावं. दोन पिढ्यांनी त्याच कुळातली बाई मेंढीबद्दल जास्तीचा विचार करते आणि तीही दोनाशी थांबते. मला हे फार जवळचं वाटतं. प्रजननाचं शास्त्र म्हणजे 'अधिक' असं मी कॉलेजात शिकले. या दोन टोकांच्या माणसांकडून मी 'पुरेसं' शिकले.

*

गाईच्या जुळ्याची गोष्ट वेगळी. एक खोंड आणि एक कालवड झाली तर दहापैकी नऊ वेळा ती कालवड गाभ जात नाही. जॉन हंटरनं १७७९ साली अशा कालवडींचं वर्णन केलं. कारण फ्रँक लिली यांनी १९१६-१७ मध्ये मांडलं: दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात, आणि भावाच्या अंगातलं काहीतरी रक्तावाटे येऊन बहिणीची जननेंद्रियं वाढू देत नाही. पोटातल्या बाळाच्या वाढीवर संप्रेरकांचा असा परिणाम होतो याचा तो फार मोलाचा पुरावा ठरला. मेंढीच्या जुळ्यांत अशा रक्तवाहिन्या क्वचितच जुळतात. जुळतच असत्या तर फलटणचं सगळं काम पाण्यात गेलं असतं, कारण निम्म्या जुळ्यांत एक भाऊ, एक बहीण.

एका गावात मी अशी कालवड तपासली होती. बाईंनी तिचं नाव ठेवलं होतं, कपाळावर हळद होती. मी सांगितलं, ही व्यायची नाही. त्या म्हणाल्या, "नको विऊ दे. शेण तर टाकतीया." तिला त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं.

*

एप्रिल-मेच्या उन्हाचा मार मेंढ्यात लगेच दिसत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला सात आठवडे लागतात, वर वाटेतले दहा-बारा दिवस. भर उन्हात होरपळलेला मेंढा जूनमध्ये तरतरीत दिसतो आणि मेंढ्या उलटतात. मेंढपाळ मग मेंढ्यांना बोल लावतात. मी प्रत्येक वेळी सांगत आले: आधी मेंढा बघा, दोन महिन्यांमागचं ऊन आठवा, दुपारची सावली द्या.

*

नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या गर्भविज्ञानावर आयुष्य घातलं. थंड मुलखातल्या कित्येक वटवाघळांची मादी हिवाळ्याआधी मीलन करते, शुक्रजंतू महिनोन् महिने गर्भाशयात जिवंत ठेवते आणि वसंतात, किडे उडू लागायच्या बेतानं, गर्भ धरते. आम्हाला त्यासाठी द्रवनत्र लागतं.

*

शेवटची नोंद निवृत्तीच्या वर्षातली. त्याच आजींच्या वाड्यावर एक प्रत असलेली मेंढी रात्री व्याली होती. मी पोचले तेव्हा वार पडलेली, कोकरं चीक पिऊन उभी. दोन्ही माद्या. आईची एक प्रत, बाप साधा, म्हणजे प्रत्येकीला निम्मी शक्यता. एकीच्या गळ्यात आजींनी लाल दोरा बांधला, दुसरीच्या निळा. रक्ताचा एकेक थेंब मी कागदावर घेतला, खाली दोऱ्याचा रंग लिहिला.

निकाल यायच्या आधी वाडा उठला. तिसऱ्या आठवड्यात आजींच्या नातवाच्या फोनवर मी सांगितलं: लालमध्ये जनुक आहे, निळीत नाही. मागून शिट्ट्या आणि कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं; कळप घाटात होता. नातवानं निरोप पोचवला. मग फोन आजींच्या हातात गेला.

"लाल दोन दील म्हंता?"

"कधी दोन, कधी एक."

"आन निळी?"

"ती एकच देईल बहुतेक."

"मग ऱ्हाऊ दे दोघीबी. निळीचं चालत यील. लालीचं एक मी घीन की."

त्या वेळी कडेवर कोण होती ते मी विचारलं. लाल होती.